गोदावरीहून आणलेल्या द्राक्षाच्या काड्या

माझे वडील पारशिवनीजवळच्या आमच्या गावात दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते. संत्र्याची बाग करायचे आणि संत्र्यापुढे दुसऱ्या फळाला फळ मानायचे नाहीत. मी तेव्हा नागपुरात, धरमपेठेत खोली घेऊन नोकरी करत होतो. आईला नाशिकला गोदावरीच्या रामकुंडात स्नान करायचं होतं, म्हणून रजा काढून मीच दोघांना घेऊन गेलो.

आईने तीन बुड्या मारल्या. वडिलांनी डोक्यावर एक लोटा ओतला आणि टांगेवाल्याला म्हणाले, "आता द्राक्षाच्या मळ्यात घेऊन चाल गा."

मळेवाल्याने घड हातात दिला. वडिलांनी चार मणी खाल्ले आणि पुन्हा घडाला हात घातला. मळेवाला बोलता बोलता म्हणाला, "आता आमच्याकडं काही जण द्राक्षाची वाईनसुद्धा काढायचं म्हणतात."

"तीर्थाच्या गावात दारू?"

"गिऱ्हाईक दोन्हीला आहे, दादा."

वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि त्याच्याकडून वीस काड्या मागून घेतल्या. त्या ओल्या राहाव्यात म्हणून त्यांनी आईचं स्नानाचं लुगडं त्यांना गुंडाळलं.

"अवो, गंगेचं लुगडं हाये थे!" आई ओरडली.

"मंग बेसच हाये. द्राक्षं पवित्र येतीन."

काड्या घरच्या बागेत लावल्या. तिसऱ्या वर्षी द्राक्षं आली, आणि इतकी आंबट आली की बकरीनेही तोंड फिरवलं. पण फेकायची कशी? वडिलांनी रस काढला, गूळ घातला, बरणीला फडकं बांधलं आणि पाहुण्यांसाठी सरबत म्हणून ठेवून दिलं. मग चैत्राचं ऊन तापलं.

पंधरा दिवसांनी समितीची बैठक आमच्या ओसरीवर भरली. मी सुट्टीवर आलो होतो. प्रत्येकाला पेलाभर सरबत मिळालं आणि प्रत्येकाने पुन्हा मागितलं. गावातली भट्टी बंद करायचा ठराव मोठ्या उत्साहाने, दोनदा मंजूर झाला. चिटणिसांनी डोळे पुसत भट्टीवाल्यालाही माफ करून टाकलं. कोपऱ्यातले एक गुरुजी गाऊ लागले, तशी आई बाहेर आली. तिने बरणी हुंगली.

"अवो, हे काय पाजून राहिले तुम्ही लोकायले?"

वडिलांनी तेव्हा कुठे स्वतः घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. भर बैठकीत उठून म्हणाले, "माह्या हातून पाप झालं. मी अध्यक्षपद सोडतो."

मग चिटणीस कसेबसे उभे राहिले. "काहून सोडता, भाऊ? असा अध्यक्ष आमाले कुठं भेटन?"

राजीनामा एकमताने नामंजूर झाला. वडील त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी बरणी उकिरड्यावर रिती केली. वेल मात्र उपटले नाहीत, आणि का, ते मी विचारलं नाही.