पुढची तारीख

माझ्या धाकट्या भावाने जन्मभर मालकांची वकिली केली. कामावरून काढलेल्या माणसाला हरवायच्या भानगडीत तो पडत नसे, नुसता खटला लांबवी. साक्षीदार आजारी आहे, कागद सापडत नाहीत, पुढची तारीख द्या. शेवटी माणूसच थकून तडजोडीला येई.

गेल्या वर्षी त्याच्या लेकीलाच कंपनीने काढलं.

"बाबा, कोर्टात गेले तर जिंकेन ना?"

"जिंकशील. पण तोवर ह्या आत्याएवढी होशील. देतील ते घे आणि दुसरी नोकरी बघ."

"हे तुम्ही समोरच्यांना सांगायचात."

"आणि ते ऐकायचे," तो थकून म्हणाला.

तिने ऐकलं नाही, दावा लावला. पहिल्या तारखेला भाऊही तिच्यासोबत कोर्टात गेला. कंपनीचा वकील निघाला ह्याच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने "सर, बसा ना" म्हणत अदबीने खुर्ची पुढे केली आणि न्यायाधीशांकडे पुढची तारीख मागितली.