मेंढरं बसलेली जागा

बिरूतात्या कुणाच्याही गव्हात शिरले की आधी एक पान तोडून तोंडात टाकायचे. ते सावकाश चावायचे, जिभेवर घोळवायचे आणि बांधापलीकडे थुंकायचे. मगच रानाबद्दल बोलायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, तोंडाच्या कोपऱ्यातून हिरवं पातं बाहेर आलेलं, खांद्यावर घोंगडं आणि नजर माझ्या हातातल्या यंत्रावर.

मी तेव्हा एका संशोधन प्रकल्पात कंत्राटी सहायक होतो. सांगलीत हळदीच्या पेठेत वाढल्यामुळे पिवळ्या रंगातलं मला बरंच कळत होतं, हिरव्यातलं जवळजवळ काहीच नाही. पण हिरवं मोजायचं यंत्र मात्र माझ्याकडे होतं. हातभर दांडीच्या टोकाला एक डबी. ती पिकावर प्रकाश टाकते, पानांवरून परत आलेला प्रकाश मोजते आणि पीक किती हिरवंगार, किती भरलेलं आहे त्याचा आकडा पडद्यावर दाखवते. त्या आकड्यावरून गव्हाला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा की नाही, हे ठरवायचं. आटपाडीच्या बाजूच्या त्या गावात कालव्याचं पाणी येऊन फार वर्षं झाली नव्हती. ज्वारी-बाजरीच्या रानात गहू आला होता आणि शेजाऱ्यानं एक पोतं टाकलं की आपण दीड टाकायचं, अशी युरियाची चढाओढ लागली होती.

"काय म्हंती तुमची बॅटरी?" तात्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. पीक अजून हलकं आहे, असं त्याचा अर्थ सांगितला.

"माझा दात बी त्येच म्हंतोय," तात्या म्हणाले. "पर माझ्या दाताला कोण सायेब म्हणत न्हाई."

मीही साहेब नाही, साधा सहायक आहे, हे मी त्यांना बऱ्याचदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "बॅटरी ज्येच्या हातात, त्यो सायेब." त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता कळप पुतण्याकडे आणि तात्या दोन एकर गव्हात. पण चालणं तसंच राहिलं होतं, लांब टांगा टाकत, वाटेतल्या प्रत्येक झुडपाकडे बघत. त्यांच्यासोबत चालताना मी कायम चार पावलं मागे असायचो.

यंत्राला तुलनेसाठी काहीतरी लागतं. म्हणून प्रत्येक रानात एका चिंचोळ्या पट्ट्याला सुरुवातीलाच भरपूर युरिया देऊन ठेवायचा. बाकीचं पीक त्या पट्ट्याइतकंच हिरवं निघालं, तर त्याला वरून आणखी काही नको. मी हे देवळापुढं जमलेल्या शेतकऱ्यांना अर्धा तास समजावलं, पण कुणालाच ते उमगलं नाही. तात्यांनी ते एका दमात उरकलं. "आवं, एका पट्ट्याला जावयावानी जेवू घालायचं. मग बाकीची घरची माणसं त्येच्या शेजारी बसवून बघायची. ती बी तशीच टुमटुमीत दिसली, तर वाढायचं कशाला?" त्या दिवसापासून तो जावई-पट्टा झाला. प्रकल्पाच्या अहवालात त्याचं नाव वेगळं होतं, पण गावात ते कुणी कधी उच्चारलं नाही.

तरीही युरिया थांबवायला कुणी तयार नव्हतं. सर्जेराव नावाचे एक मोठे बागायतदार उठून म्हणाले, "गहू पिवळा पडला तर ह्ये पोरगं सांगलीला पळून जाईल. आमी कुणाला धरायचं?" प्रश्न रास्त होता. तात्या म्हणाले, "मला धरा. मी हितंच हाय." त्यांनी कितीतरी वर्षं या सगळ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. सात रात्री ठरल्या तर सातच, कधी सहा केल्या नाहीत. त्या माणसाच्या शब्दावर सोळा घरांनी होकार दिला. तात्यांनी आयुष्यभर जपलेली पत माझ्या यंत्रामागं उभी केली होती आणि माझ्या ते नीट ध्यानातही आलं नव्हतं.

मोजणीची वेळ आली तेव्हा तात्या कळप बघायला कऱ्हाडकडे गेले होते. मी एकट्यानंच सोळा रानं उरकली. तिथली रानं लांबट, एक टोक गाडीवाटेला आणि दुसरं पार ओढ्याजवळ. जावई-पट्टेही मी सोयीसाठी गाडीवाटेच्या टोकालाच आखले होते. तिथंच दहा-दहा ठिकाणी डबी धरली, आकडे घेतले आणि पुढच्या रानाकडे निघालो. जवळजवळ सगळीकडे पीक पट्ट्याच्या तोडीचं निघालं. मी हरखलो. सोळा घरी निरोप दिला, दुसरा हप्ता टाकू नका. प्रकल्पप्रमुखांनाही मोठ्या तोऱ्यात फोन केला.

चौथ्या दिवशी तात्या परतले. ते गाडीवाटेला थांबलेच नाहीत. ओढ्याकडे गेले, पान चावलं आणि तिथूनच मला हात केला.

"सायेब, ह्ये मागलं रान उपाशी हाय."

मी डबी धरली. आकडा पार खाली आला होता. दुसऱ्या रानात गेलो, तिथंही तेच. यंत्र बिघडलं असणार, असं मी पुटपुटलो.

"बॅटरी खरं बोलतीया," तात्या म्हणाले. "पर तुमी तिला इचारलं कुठं? दसऱ्यानंतर पेरणीच्या आदी आमची मेंढरं हितं बसली हुती. मागं वल हुती. मेंढरू वलीत बसत न्हाई. म्हणून वाघर लावली ती गाडीवाटेच्या अंगाला. खत पडलं फुडं, आन् तुमी मोजलं बी फुडंच."

वाघर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची दोरीची जाळी. तिच्या आतल्या जमिनीला लेंड्यांचं आणि मुताचं खत मिळालं होतं, म्हणून तिथलं पीक जावयाच्या तोडीचं होतं. बाकीच्या रानाला मी उपाशी ठेवायला निघालो होतो. पाण्याची पाळी तीन दिवसांवर आली होती. पाण्याच्या आधी युरिया पडला नाही, तर पुढं देऊन फारसा उपयोग नव्हता. सोळा घरांचा गहू अर्धा खुरटला असता आणि लोकांनी तात्यांना धरलं असतं.

पुढचे तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. प्रत्येक रानात वाघर कुठवर होती, हे तात्यांना पाठ होतं. कुठल्याही कागदाशिवाय ते चालत जायचे, थांबायचे, काठी रोवायचे आणि म्हणायचे, "हितवर." मी काठीच्या अलीकडे डबी धरायचो, मग पलीकडे. दोन पावलांत आकडा घसरायचा. पहिल्या रानात मला तो योगायोग वाटला. पाचव्या रानानंतर मी शंका घेणं सोडलं. आठव्या रानात तात्यांनी काठी रोवली, परत उपटली आणि हातभर अलीकडे रोवली. "त्या रात्री तीन मेंढ्या व्याल्या हुत्या, म्हणून वाघर आत घेतली हुती," ते म्हणाले. मी मोजलं. आकडा हातभर अलीकडेच घसरला. त्या क्षणी या माणसाबरोबर चालायला मिळतंय याचा मला जो अभिमान वाटला, तो पुढं कुठल्याही पदवीनं वाटला नाही.

त्याच्या जोडीला घरोघर जाऊन निरोप फिरवायचा होता. यंत्रात बिघाड झाला होता असं सांगू या, म्हणून मी भीत भीत सुचवलं. तात्या वाटेतच थांबले.

"बॅटरीवर ढकलू नगा. उद्या तिच्यावर इस्वास कोण ठेवील?"

"मग माझी चूक झाली म्हणतो."

"आपली म्हणा. शब्द मी दिल्ता."

प्रत्येक दारात पुढं तात्या, मागं मी. सर्जेरावांनी जिव्हारी लागेल असंच विचारलं, "परवा नगं म्हणत हुता, आज द्या म्हणताय. आमी ऐकायचं कवाचं?" तात्या शांतपणे म्हणाले, "आजचं. परवा मागलं रान बघितलं न्हवतं, ती चूक झाली. काठीच्या मागं द्या, फुडं अजून बी नगंच." मी मान खाली घालून उभा होतो, तेव्हा वर बघितलं. चूक कबूल करणारा माणूस इतका ताठ उभा राहू शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पंधरा घरांनी ऐकलं. सर्जेरावांनी मात्र काठीच्या पुढं-मागं सगळीकडे युरिया फेकला. ओंब्या भरल्या आणि वारं सुटलं. सर्जेरावांचा गाडीवाटेकडचा काळाभोर गहू सपाट झोपला, बाकीच्यांचा उभा राहिला. तात्या बांधावर येऊन बघून गेले. "जावई लय जेवला, आडवा झाला," एवढंच म्हणाले, तेही सर्जेराव ऐकत नाहीत हे बघून. पडलेला गहू कापणीच्या यंत्राला नीट घेता येईना, तेव्हा तात्यांनी आपली सून वैशाली आणि आणखी चार बायका खुरपी-विळे घेऊन सर्जेरावांच्या रानात पाठवल्या. स्वतःही गेले. पुढल्या वर्षी देवळापुढं सगळ्यांच्या आधी सर्जेरावच येऊन बसले होते.

प्रकल्प पुढं वाढला, मी कायम झालो. मोजणीला जाताना सोबत न्यायचा अर्ज नव्यानं छापला तेव्हा त्यातला पहिला प्रश्न मी लिहिला. पेरणीआधी या रानात मेंढरं बसली होती का, आणि कुठवर? वरिष्ठांनी भुवया उंचावल्या, पण प्रश्न राहिला. आज खंडाळ्यापासून जतपर्यंत आमची मुलं-मुली यंत्र सुरू करण्याआधी तो विचारतात. मी तात्यांना छापील कागद नेऊन दाखवला होता. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्ये बरं केलंसा. मी कुठवर पुरणार?"

मागच्या पावसाळ्यात तात्या गेले. थोडंसं दुखणं झालं आणि आठवड्यात संपलं. मला वेळेवर पोचता आलं नाही, ते मला अजून सलतं.

या हंगामात मी मुद्दाम स्वतः त्यांच्या रानात गेलो. गव्हात वैशाली उभी होती. मी अर्ज काढला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पहिला प्रश्न वाचून गेलो. वाचल्यावर माझीच मला लाज वाटली. हा प्रश्न मी कुणाच्या रानात विचारत होतो?

तिनं मात्र काही वावगं मानलं नाही. "लिवा," ती म्हणाली. "लिंबापासनं इहिरीपतुर, सात रात्री. वाघर म्याच लावली हुती." मग खाली वाकून तिनं गव्हाचं एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि चावत चावत माझ्या पुढं चालू लागली. मी डबी सुरू केली आणि चार पावलं मागे राहून तिच्यामागं निघालो.