ताहेरमामूंची विमानाची शिकवणी

ताहेरमामू उदगीरच्या स्टेशन रोडवर बॅगांच्या चेन दुरुस्त करतात. स्वतः कधी विमानात बसले नाहीत. पण परदेशी निघालेला माणूस त्यांच्या दुकानावरून गेल्याशिवाय गावाची शीव ओलांडत नाही. तीस वर्षं बॅगा शिवता शिवता त्यांनी परत आलेल्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं आणि सगळं डोक्यात साठवलं. सल्ला फुकट. ऐकला नाही तर पाणउतारा, तोही फुकट. माझं स्टेशनरीचं दुकान शेजारीच, त्यामुळे मला तो रोज ऐकायला मिळतो.

गेल्या साली माझी आत्या केवळाबाई न्यूझीलंडला निघाली. लेक तनुजा तिथं, पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले. आत्याचे यजमान सोयाबीन सोडून हलायचे नाहीत, म्हणून ती एकटीच. शिक्षण चौथी, इंग्रजीच्या नावानं शून्य.

मामूंनी आठ दिवस शिकवणी घेतली. गोळ्या पाकिटातच ठेवायच्या, सोबत डॉक्टरची चिठ्ठी. पासपोर्ट आणि तनुजाचा पत्ता गळ्यातल्या पिशवीत. एक साडी हातातल्या बॅगेत, मोठी बॅग मागं राहिली तर नड भागावी. मग त्यांनी बॅग उघडून मेथीचं बी आणि तुपाची बरणी बाहेर काढली.

"अवो, बाळंतिणीला तूप नको?" आत्या कळवळली.

"आक्का, तो मुलूखच गाईचा हाय. तूप लई मिळतंय तिथं. आता ध्यान देऊन ऐका. उतरायच्या आधी एक फारम देतेत. खायचं, बी-बियाणं काय बी असंल तर 'हाय' म्हणून खूण करायची. सांगितलं तर फार तर काढून घेतील. लपवलं तर दंड, अन् वरून खोटारडी म्हणून नाव लागंल. समजलं न्हाई तिथं बी 'हाय'च."

निघताना माझ्या बायकोनं, जगदेवीनं, आत्याची ओटी भरली. खण, नारळ, ओंजळभर गहू. बायकांचा कार्यक्रम म्हणून मामू बाहेर गाडीपाशी थांबले. ओटी हातातल्या बॅगेत गेली आणि आत्या हैदराबादला रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज ओटीचं बोललो. मामूंच्या हातातली सुई थांबली.

"गहू अन् नारळ? तिथं गहू चालत न्हाई रे!"

"पण मामू, ओटी म्हणजे काय खायची वस्तू आहे का?"

"मन्मथ, तू म्हणालास तेच आक्का तिथं म्हणणार!"

माझं धाबं दणाणलं. आत्या तर खरं समजूनच 'नाही' म्हणेल. तिला तिथं अडकवून ठेवलं तर तनुजाजवळ कोण? फोन लावला, तो बंद. विमान हवेत होतं. मामूंनी दिवसभर डबा उघडला नाही. मला शिव्या मात्र भरपूर दिल्या.

संध्याकाळी मामूंचा फोन वाजला. पडद्यावर आत्या, आणि ती हसत होती! फारम काही कळेना, म्हणून पठ्ठीनं सगळीकडं 'हाय' करून टाकलं होतं. जनावर हाय, हत्यार बी हाय! तिथल्या लोकांनी तासभर तिची बॅग तपासली, उसवायचीच तेवढी बाकी ठेवली. हत्यार कुठलं सापडतंय, सापडली ओटी. तपासणारी बाई पंजाबची, हिंदी बोलणारी. हसून हसून तिची पुरेवाट झाली. पण नारळ-गहू आत जाणार नाहीत म्हणाली, आणि कचऱ्याच्या टोपलीकडं वळली.

"म्या आडवी आले," आत्या सांगत होती. "म्हणलं, बाई, ओटी कचऱ्यात जात न्हाई, पदरात जाती. मंग तिनं दोनी हात पुढं केले. कुंकू लावलं अन् तिचीच ओटी भरली. पुढं तिनं काय का करंना. खण तेवढा वापस दिला तिनं, कामावर भेट घ्यायची न्हाई असा कायदा हाय म्हणे."

मोटारीत शेजारी तनुजा पोट सावरत बसली होती. आईच्या खांद्याला चिकटून ती रडत होती आणि हसतही होती. माझेही डोळे भरले, उगाच कशाला लपवू?

"आक्का, घरी कळवलं का?" मामूंनी विचारलं.

"न्हाई अजून. आधी तुमाला लावला, ताहेरभाऊ. आता त्यास्नी लावते."

फोन बंद झाला तरी मामू तो हातात धरून बसले. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षांत किती माणसं धाडली, मन्मथ. पोचले म्हणून मला फोन कुणी केला नव्हता."