बिनबर्फाची पेटी आणि तीन मान्यवर

ऑफिसातले किस्से साठत नाहीत, मुरतात. पूर्वी मी ते रोज संध्याकाळी फणसवाडीतल्या घरी नेऊन रिकामे करायचो. माझी बायको सुधा पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि नेमक्या जागी हसायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून माल पडून आहे. थोडा तुमच्यापुढे काढतो.

परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं नवोन्मेष केंद्र आहे. जागा कॉलेजची, खुर्च्या आणि एसी एका कंपनीचे, आशीर्वाद सरकारचा. तिघांनी मिळून मुंबईत तंत्रज्ञानाचे उद्योग उभे करायचे, असा संकल्प. मी कॉलेजातून तिथे समन्वयक म्हणून गेलो. समन्वयक म्हणजे तिघांचेही फोन उचलणारा माणूस.

पहिलं भांडण बोर्डावरून झालं. लोगो तीन, मग पहिला कुणाचा? कॉलेजने नेमलेले आमचे संचालक सरदेसाई सर हुशार. त्यांनी बोर्ड गोल करून घेतला. गोलात पहिला कुणीच नसतो, म्हणाले. मंत्रालयातले ठोंबरे साहेब आले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "पण वरती कोण आहे?"

तेव्हापासून बोर्ड एकाच खिळ्यावर आहे. ज्याची गाडी गेटात शिरते, त्याचा लोगो आमचा शिपाई वर फिरवतो. एकदा तिघेही एकाच वेळी येणार होते. त्या दिवशी बोर्ड पॉलिशला गेला.

*

केंद्रात खरं काम करणारी एकच मुलगी होती, वैभवी. वरळी कोळीवाड्यातली इंजिनीअर. उन्हावर चालणारी, बर्फाशिवाय मासळी गार ठेवणारी पेटी तिने बनवली होती. तिची आई मासळी विकते. आईने सरळ सांगून ठेवलं होतं, की जूनमध्ये पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आत पेटी बंदरावर चालली तर ठीक, नाहीतर ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी धरायची.

म्हणजे चाचणी व्हायला हवी होती आणि चाचणीला मासळी हवी होती. पण केंद्राचा एसी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसांनाही जोडलेला, म्हणजे वास थेट तिथे. सरदेसाई सरांनी वैभवीला बोलावून विचारलं, "मासे न वापरता माशांची चाचणी होत नाही का?"

शेवटी पेटीत बटाटे ठेवले. चार दिवसांनी कंपनीचे चोक्सी साहेब बघायला आले. त्यांनी एक बटाटा हातात घेऊन दाबला, हुंगला आणि खूश होऊन म्हणाले, "वा, एकदम फ्रेश."

वैभवी म्हणाली, "सर, तो बाहेर ठेवला असता तरी फ्रेशच राहिला असता."

चोक्सी साहेबांनी मान डोलावली. दोन्हीकडे फ्रेश म्हणजे अजूनच चांगलं, असं त्यांचं मत पडलं.

*

मग तिला मेंटॉर मिळाला. त्याने आयुष्यात काही विकलेलं नव्हतं, पण विकण्यावर तो सुंदर बोलायचा. ग्राहकाच्या मनात शिरलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. म्हणून एका सकाळी आम्ही त्याला बाजारात वैभवीच्या आईकडे नेलं. ऐन गर्दीची वेळ. त्याने तिच्या मासळीच्या पाटीसमोर उकिडवं बसून विचारलं, की रोजच्या व्यवसायात तुम्हाला सर्वात मोठा अडथळा कोणता वाटतो?

आई म्हणाली, "आता या घडीला तू. सरक बाजूला, मागं गिऱ्हाईक हाय."

मेंटॉरने अहवालात लिहिलं: ग्राहकाचं ध्येय अत्यंत स्पष्ट आहे.

*

मे अर्धा गेला तरी बंदरावर पेटी ठेवायची परवानगी नव्हती. सरकार म्हणे, आधी कॉलेजने पेटी प्रमाणित करावी. कॉलेज म्हणे, आधी कंपनीने ती बनवायची तयारी दाखवावी. कंपनी म्हणे, आधी सरकारने परवानगी द्यावी. मी तिघांना एका टेबलाभोवती बसवलं, बटाटेवडे मागवले.

प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त बाकीच्या दोघांनंतर. बैठक फार खेळीमेळीत झाली. तिन्ही पक्षांचं संपूर्ण एकमत झाल्याची नोंद घ्या, असं ठोंबरे साहेबांनी मला सांगितलं.

वैभवी कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. वड्याला तिने हात लावला नाही.

*

परवानगी नाही, पण उद्घाटन मात्र ठरलं. मेचा शेवटचा आठवडा. हॉलमध्ये पेटीवर मखमली कापड, कापडाला दोरी, दोरीला तीन टोकं. त्या दिवशी भल्या पहाटे वैभवी टेम्पो घेऊन आली. गेटवर वॉचमनने मला फोन केला. मी म्हटलं, जाऊ दे. कापड तिने नीट स्टँडवर परत घालून ठेवलं होतं.

अकरा वाजता तिघांनी मिळून दोरी ओढली. कापड खाली आलं. स्टँडवर काही नव्हतं.

ठोंबरे साहेब जरा पुढे वाकले. चोक्सी साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

सरदेसाई सर माझ्याकडे बघत माइकवर म्हणाले, की पेटी थेट प्रत्यक्ष क्षेत्रात गेलेली आहे. मग क्षेत्रात जाणं भागच होतं. तीन गाड्या आणि फोटोग्राफर कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबले. पुढे गल्लीतून चालत.

पेटी धक्क्याजवळ उन्हात उभी होती. वैभवी पाठीमागे वायर धरून बसलेली. झाकणावर तिची आई मांडी घालून बसली होती, समोर पाटी. ठोंबरे साहेबांनी फोटोसाठी झाकण उघडायला सांगितलं.

"नाय उघडायची," आई म्हणाली. "पहाटेपासून सगळा माल आत हाय. आज मी बरफ घेतलाच नाय."

वैभवीने खाली मान घातली. ती हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

तिघे पेटीच्या बाजूला ओळीने उभे राहिले. आई जागची हलली नाही. फोटो चांगला आलाय. केंद्राच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. खाली ओळ छापलीय: ‘लाभार्थी महिलेस पेटी सुपूर्द करताना मान्यवर.’