कोऱ्या नोटांचे मामा

आमचे इंदापूरचे मामा नोटेला हात लावत नसत, चिमट्यानं धरत. माणसांना ते चिमट्यानंही धरत नसत. त्यांच्या मते तेवढी लायकी कुणाचीच नव्हती.

त्यांच्याकडे नोटा होत्या त्या फक्त एका देशाच्या. वानुआतू. दूर महासागरात कुठंतरी बेटांचा पुंजका आहे, एवढं मला ठाऊक. त्या देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर मी शाळा संपवली, माझं लग्न झालं, केस पांढरे झाले, पण मामांच्या तोंडी तो देश शेवटपर्यंत ‘नुकताच स्वतंत्र झालेला’ राहिला. नात्यातल्या कुणाला ते नाव कधी धड ऐकू आलं नाही. पणदऱ्याच्या तात्यांनी एकदा भर पंगतीत विचारलं, “कशाची वानवा म्हणालात?” मामा म्हणाले, “अकलेची.” तात्या त्यानंतर इंदापूरला आले नाहीत, आणि याचं मामांना समाधानच वाटलं.

मामा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. ऊसतोडीची पाळी लावणाऱ्या माणसाला नोकरीभर हात जोडून उभे राहिलेलेच लोक दिसतात. त्यामुळे मान वर करून बोलणारा प्रत्येक माणूस त्यांना उर्मट वाटे. निवृत्त झाल्यावर हात जोडणारे गेले, तोरा तेवढा घरी आला.

“घडी पडली की किंमत गेली,” हे त्यांचं आवडतं वाक्य. नोटेवर घडीची बारीकशी रेघ दिसली तरी ती त्यांच्या लेखी उष्टी. हे नोटांपुरतं असतं तर छंद म्हणून सोडून दिलं असतं. पण जुना ट्रॅक्टर घेणारा शेजारी, चुरगळलेल्या शर्टात आलेला पाहुणा, दुसरं लग्न केलेली चुलत बहीण, सगळ्यांना हीच फूटपट्टी. पुण्यातल्या प्रदर्शनात ते नोटांच्या व्यापाऱ्यांना असे झापत, की पुढं पुढं व्यापारी त्यांना बघून चहाला जायला लागले. म्हणूनच शंभराच्या पहिल्या नोटेची जागा अल्बममध्ये वर्षानुवर्षं रिकामी होती. नोटा मिळत होत्या. मामांच्या पसंतीला एकही उतरत नव्हती.

त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाला ते पेढे आणत आणि पेढ्याआधी भाषण देत. “इंग्रज आन् फ्रेंच, दोन-दोन मालक व्हते डोक्यावर. पर ती मान्सं कुणाला भ्याली न्हाईत. आपलं आपण ठरवलं त्यांनी.” हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. मी पेढा मिळेपर्यंत ऐकत असे.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं आपलं आपण ठरवलं. नंदा बारामतीला शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि मिलिंदशी लग्न करणार म्हणून घरी सांगायला आली. मिलिंद बँकेत अधिकारी, बौद्ध घरातला, शांत बोलणारा मुलगा. मामांनी जात तेवढी विचारली, बाकी काही विचारलं नाही. नंदाला म्हणाले, “घडी पडली तुला. आता हितं जागा न्हाय.” दोन मालकांपासून सुटलेल्या लोकांसाठी गहिवरणाऱ्या या गृहस्थांना एका बापापासून सुटलेली पोर सोसवली नाही. मी तिथंच बसलो होतो. त्यांच्याविषयी जो काही आदर उरला होता, तो त्या दुपारी संपला.

मामींनी मात्र एक चमत्कारिक गोष्ट केली. “तुमी जावई मानल्याशिवाय मी बी तिच्या उंबऱ्याला जानार न्हाय,” असं त्यांनी मामांना सांगून टाकलं. मामांना हा पतिव्रताधर्म वाटला आणि तो फार आवडला. ते मिलिंदला ‘बँकवाला’ म्हणत राहिले. नंदाला मुलगी झाली. मी बारामतीजवळच्या जळोचीहून इंदापूरला गेलो की मामी स्वयंपाकघरात माझ्या मोबाइलवर नात बघत. काच पदरानं पुसत आणि पुन्हा बघत.

शंभराच्या नोटेचं मीच मिलिंदजवळ बोललो होतो. त्यानं कुठून कुठून चौकशी करून ती मिळवली आणि माझ्या हाती दिली. मी ती मामांपुढं ठेवली. चिमटा आला, भिंग आलं, खिडकीचा पडदा सरला. नोटेवर नारळीखाली चरणारी गुरं होती. मामी दारातून डोकावून म्हणाल्या, “गाया बऱ्या हायत. दूध किती देत असतील?” मामांना ते ऐकूही आलं नाही. त्यांचा चेहरा इतका हळवा मी कधी पाहिला नव्हता. नंदा जन्मली तेव्हा तो असाच झाला होता, असं मामी सांगतात. मला ते खरं मानायला जड जातं.

“एक घडी न्हाय,” मामा पुटपुटले. “कोपरासुदिक मोडला न्हाय. कुणी दिली?”

“मिलिंदनं.”

“जावयाला पारख हाय,” मामा म्हणाले.

मामी आत गेल्या. नंदानं माझ्याबरोबर पाठवलेली साडी त्यांनी कपाटात तशीच ठेवली होती. तिची घडी मोडून, नेसून त्या बाहेर आल्या. “चल रे, मला बारामतीला सोड.”

मामा भानावर आले. “मी नोटंचं बोललो.”

“आसंल. पर जावई म्हणलात.”

“मी शब्द मागं घेतो.”

मामींनी चपला घातल्या.

त्यानंतर मामी दर महिन्याला लेकीकडे जात. मामा कधी गेले नाहीत. नोट अल्बममध्ये लावली, पण देणाऱ्याची साधी विचारपूसही केली नाही. मामी नसल्या की डबा मागवून खात आणि डबेवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

गेल्या वर्षी मामा गेले. तिरडी उचलायच्या वेळी पुढच्या खांद्याला मिलिंद उभा राहिला. भावकीतले एक आबा म्हणाले, “ह्यो कोण? परका मानूस म्होरं कशाला?”

बायकांत बसलेल्या मामींनी मान वर केली. “जावई हाय. ह्यांनीच म्हणलंय, ह्या भाच्यासमोर.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. “व्हय आबा, म्हणाले होते,” मी सांगितलं. आबा बाजूला झाले.

मामा जिवंत असते तर त्यांनी शब्द तिथल्या तिथं मागं घेतला असता. पण ते तिरडीवर होते. त्यामुळं जावयानं त्यांना उचललं.