आधी हंसाबेनकडे

एस्तरताई गेल्याचा फोन हंसाबेननी केला. "एस्तर गई," एवढंच म्हणाल्या. मग फोन ठेवलाही नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला... अंत्यविधीच्या वेळी चर्चमधल्या दोघीतिघींनी मला हळूच विचारलं, "त्या पुढं बसलेल्या गुजराती बाई कोण? नात्यातल्या का?" मी 'हो' म्हणून टाकलं. आता दीडेक महिना झाला. ते 'हो' नीट उलगडून सांगावं, म्हणून लिहायला बसले.

लग्नानंतर रावपुऱ्यातून निजामपुऱ्यात आले तेव्हा एस्तरताई आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या नगरकडच्या, एकट्या. बडोद्यातल्या एका कापडगिरणीत त्या आणि हंसाबेन टेलिफोन बोर्डावर शेजारी शेजारी बसत. वर्षानुवर्षं एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. नव्वदीच्या सुरुवातीला एके दिवशी हंसाबेनच्या कानावर लाइनवरून मालकांचं बोलणं पडलं: विणकाम खातं बंद करायचं, कामगारांना शेवटच्या दिवशी सांगायचं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ते कामगारांना सांगून टाकलं. गेटवर गोंधळ उसळला. मॅनेजरनं दोघींना आत बोलावून बातमी कुणी फोडली ते विचारलं. हंसाबेन गप्प उभ्या राहिल्या. मग त्यानं एस्तरताईंना विचारलं, आणि एस्तरताईंनी नाव सांगितलं.

हंसाबेनची नोकरी गेली. खातं बंद व्हायचं ते झालंच.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत ना ताई, मग झालं," मी समजूत घालायला गेले. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला खरं बोल असं कुणी म्हटलंच नव्हतं गं. नाव सांग म्हटलं होतं. गप्प बसता आलं असतं... हंसा बसलीच की."

त्यानंतर त्यांनी प्रभुभोजन घेणं सोडलं. दर रविवारी उपासनेला जायच्या, गाणी म्हणायच्या, पण भाकर आणि द्राक्षारस घ्यायला सगळे पुढं गेले की या आपल्या बाकावर बसून. पाळकांनी समजावलं. आपण कुणाचं मन मोडलं असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, मग वेदीपाशी, या बायबलमधल्या सांगण्यावरून त्या हलल्या नाहीत. चर्च सुटलं की सुभानपुऱ्याला, हंसाबेनच्या दारात. दार उघडायचं नाही. कधी सून जाळीआडून सांगायची, "मम्मी सूतां छे," झोपल्यात म्हणून.

एका रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले होते. त्या दिवशी हंसाबेन स्वतः बाहेर आल्या. "तुं तारा भगवान माटे आवे छे," त्या म्हणाल्या, "मारा माटे नहीं, माझ्यासाठी नाही. माझी माफी घेऊन तुला पुढच्या रांगेत जायचंय." आणि दार लावून घेतलं.

घराशी उतरल्यावर एस्तरताई म्हणाल्या, "बरोबर बोलली ती."

पुढच्या रविवारी माफीचा विषय नव्हता. हंसाबेन तेव्हा घरी खाखरे करून विकायच्या. दार कामासाठी उघडंच होतं. एस्तरताई आत गेल्या, पदर खोचला आणि पाटावर बसल्या. "लाटणं दे." हंसाबेननी दिलं. बराच वेळ दोघी लाटत राहिल्या. शेवटी एस्तरताईंचा एक खाखरा उचलून हंसाबेन म्हणाल्या, "आ खाखरो छे के भाकरी?"

तिथून सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. आमच्या सोसायटीत, चर्चच्या आवारात एस्तरताई पिशव्या भरभरून खाखरे नेऊन द्यायच्या. दोघी भांडायच्या, हसायच्या, हंसाबेनच्या सुनेवर बोलायच्या. त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द नाही. प्रभुभोजनाच्या वेळी एस्तरताई बाकावरच. "आता तर समेट झालाच की," मी एकदा म्हटलं. "तिनं तसं म्हटलेलं नाही. आणि मी तिला पुन्हा विचारणार नाही. तिच्याकडे जायचं ते तिच्यासाठी."

आजार आला तो पोटाचा, उशिरा कळलेला. शेवटच्या आठवड्यात पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले. पलंगाशी खुर्चीवर हंसाबेन बसल्या होत्या. पाळकांनी प्रार्थना केली आणि भाकरीचा तुकडा पुढं केला. एस्तरताईंनी हळूच मान फिरवली. पाळकांचा हात तसाच राहिला.

हंसाबेन उठल्या. एस्तरताईंची हनुवटी धरून त्यांनी चेहरा आपल्याकडे वळवला, आजारी पोराचा वळवतात तसा. "बहु थयुं हवे, पुरे आता," म्हणाल्या. "लई ले ने, एस्तर. खाई ले."

एस्तरताई त्यांच्याकडे बघत राहिल्या... मग तोंड उघडलं.

पाळकांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. चष्मा पुसत ते म्हणाले, "भाकर देताना 'घ्या, खा' हे आम्ही म्हणायचं असतं. आज मला म्हणावं लागलं नाही."

खालच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी हंसाबेन रिक्षानं येतात, खिडक्या उघडतात, केर काढतात आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत घटकाभर बसतात. मी चहा नेऊन देते. चर्च सुटून एस्तरताई त्यांच्याकडे निघायच्या, ती वेळ झाली की त्या उठतात, खिडक्या लावतात आणि सुभानपुऱ्याला परत जातात.