उजवा हात दर्याचा

चंद्र फुटला तेव्हा येसूबाई मुरुडच्या कोळीवाड्यात बोंबील वाळत घालत होती. धूमकेतू आदळला, चंद्राचा एक गाल उडाला आणि समुद्राची अक्कल गेली. अमावस्येचं उधाण अष्टमीला येऊ लागलं, जगातली अर्धी बंदरं बुडाली. उरलेल्या शहाण्यांनी ठरवलं, की वर भरकटणारे चंद्राचे तुकडे यानातून जाऊन जाळ्यात धरायचे आणि पुन्हा जागेवर बसवायचे. सासूची बशी फोडून गुपचूप चिकटवावी, तसला हा बेत होता.

यानतळाला जागा हवी होती. ती नेमकी कोळ्यांच्या मासळी सुकवायच्या खळ्यावर सापडली, कारण पुढाऱ्यांच्या नारळवाड्यांतली जमीन म्हणे भुसभुशीत निघाली. बदल्यात घरटी एक नोकरी. येसूबाईचा नवरा दिनानाथ, होडीचा तांडेल, प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन यान पाठवणाऱ्या सरकारी आकाशमंडळाच्या दारात उभा राहिला. तोवर शिपाई, वॉचमन, माळी या सगळ्या जागा कुणाकुणाच्या मेव्हण्यांनी भरून टाकल्या होत्या. एकाच माणसाच्या यानातली ती एक जागा तेवढी उरली होती. तिथे जायला एकही मेव्हणा तयार नव्हता. काम जाळ्याचं आणि उमेदवार कोळी, म्हटल्यावर समितीने टाळ्या वाजवून नेमणूक केली.

दिनानाथ खूश झाला. येसूबाई मात्र आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली. लग्नात कोळ्याची नवरी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देते, माझ्या धन्याला सांभाळ म्हणून. तेव्हापासून तिचा उजवा हात मोकळा होता, हिरवा चुडा डाव्या हातात. दर्यानेही शब्द पाळला होता. किती वादळं आली, पण दिनानाथ दरवेळी घरी आला. आता हा माणूस चालला होता वर, आणि तिथे दर्याचं काय चालणार?

ती आकाशमंडळाच्या हर्षद साहेबांकडे गेली.

“सायेब, माझा ह्यो डाव्या हातातला चुडा यानात न्या. आभालाला द्यायचा हाय.”

“बाई, वर ग्रॅमग्रॅमचा हिशोब असतो,” साहेब म्हणाले आणि यानात ठेवायच्या मंत्रिमहोदयांच्या तसबिरीला आणखी जाड चौकट बसवायला सांगून चहा प्यायला गेले.

मग येसूबाईने स्वतःच सोय केली. यान उडालं त्या सकाळी ती किनाऱ्यावरच्या खडपावर, उंच खडकावर चढली, चुडा उतरवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर भिरकावला. आभाळाने तो घेतला नाही. बांगड्या खाली आल्या आणि खडकावर फुटल्या.

“अगो बाय, काय केलंस ह्ये!” शेजारची नलू किंचाळली.

दुपारपर्यंत साऱ्या कोळीवाड्याने येसूबाईला विधवा करून टाकलं. तीही घरात बसून ढसाढसा रडली. आपल्याच हाताने आपण धन्याचं वाईट केलं, हे तिच्या मनातून जाईना. नवा चुडा भरायचाही तिला धीर झाला नाही.

पुढे चंद्राचा एकही तुकडा जाळ्यात आला नाही. परतीच्या वाटेवर यानाचा संपर्क तुटला. ते दूर वाळवंटात उतरायचं होतं, तिथे उतरलंच नाही. आकाशमंडळाने एवढ्या तत्परतेने दुसरं कुठलंच काम केलं नसेल. लगेच मांडव घालून शोकसभा घेतली. ज्या साहेबांना बांगड्या जड झाल्या होत्या, त्यांनी भाषण मात्र भरपूर वजनदार केलं. दिनानाथचा भव्य पुतळा उभारायचं जाहीर झालं. त्यासाठी उरलेलं खळंही ताब्यात घ्यायचं ठरलं.

एवढ्यात बंदरावर आरडाओरडा झाला. येसूबाईचा दीर सदू याची होडी धक्क्याला लागली होती. मागे दोरीला बांधलेलं, काळंठिक्कर पडलेलं यान होतं, आणि होडीत, टोपल्यांमध्ये, दिनानाथ बसला होता. वाळवंट चुकवून यान थेट मुरुडच्या दर्यात पडलं होतं. हर्षद साहेबांनी माईक न सोडता श्रद्धांजली थांबवली आणि आकाशमंडळाच्या अचूक नियोजनाचं अभिनंदन सुरू केलं.

येसूबाई तोल सावरत पाण्यातूनच होडीकडे धावली. दिनानाथने तिचा हात धरला आणि तो दचकला. दोन्ही हात मोकळे.

“येसू, तुझा चुडा कुठं गेला?”

“आभालाला दिलेला. त्यानं फेकून फोडला.”

“आन्‌ आता?”

तिने उजव्या हाताने पसाभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं. रडू आणि हसू तिला एकदमच आलं.

“दर्याला दिलेल्या बांगड्या त्याच्याकडंच हायेत की. म्हणून त तुमी आलाव.”